पाचशे पाच किलोमीटर

इंदूरच्या देवी अहिल्याबाई होळकर विमानतळापासून मुंबईच्या विमानतळापर्यंत नकाशावर सरळ रेघ ओढली, तर ती साधारण ५०५ किलोमीटर भरते. या रेघेखालची गावे बघण्यासारखी आहेत. मुंबईकडून निघालो तर आधी त्र्यंबकेश्वर लागते. पुढे साक्री, तिथे जवळजवळ अर्धे अंतर संपते. मग दोंडाईचा आणि शिरपूर यांच्यामधून तापी, सेंधव्याच्या पश्चिमेने सातपुडा, धरमपुरीपाशी नर्मदा. उजव्या हाताला थोडे दूर महेश्वर, डावीकडे अगदी जवळ मांडू आणि मग विंध्याचा कडा चढून माळव्याचे पठार. पेशव्यांच्या फौजा याच पट्ट्यातून उत्तरेत गेल्या. मुंबई–आग्रा रस्ता, इंदूरकरांचा ए. बी. रोड, याच पट्ट्यातून येतो. त्या रस्त्याने इंदूर–मुंबई सुमारे ५८५ किलोमीटर होते. म्हणजे दोन पर्वतरांगा आणि दोन मोठ्या नद्या ओलांडूनही रस्ता सरळ रेघेपेक्षा फार तर ८० किलोमीटर जास्त चालतो. आगगाडी मात्र रतलाम, बडोदे, सुरत असा वळसा घेत सुमारे ८३० किलोमीटर जाते. एकाच प्रवासाची ही तीन मापे का, हे समजायला दोनशे वर्षांचा हिशेब काढावा लागतो. त्यात होळकरांची तिजोरी वरचेवर उघडलेली दिसते.

इंदूर राजधानी झाले तेच मुळी उशिरा. अहिल्याबाईंचा कारभार महेश्वरहून चाले, नर्मदेच्या काठावरून. जानेवारी १८१८ मध्ये मंदसौरचा तह झाला, होळकर इंग्रजांचे मांडलिक झाले आणि राजधानी खान नदीकाठच्या इंदुरात आली. शेजारी महूला इंग्रजांची छावणी पडली. तेव्हापासून मुंबईशी इंदूरचे नाते दुहेरी झाले. सरकारला महूच्या फौजेची काळजी आणि व्यापाऱ्यांना अफूची. माळव्याची अफू मुंबईच्या बंदरातून चीनला जाई. तिच्यावरचा कर भरून परवाना घेण्याचे मोठे ठाणे इंदूर होते. मुंबईत भाव काय फुटला हे इंदूरच्या पेढीवर एक दिवस आधी कळले तर सावकाराचे घर भरे, उशिरा कळले तर दिवाळे. अंतराची किंमत रुपयांत मोजायला या गावाने विमान येण्याच्या शंभर वर्षे आधी सुरुवात केली होती.

सामान्य माणसाला मात्र ते अंतर पायांनीच मोजावे लागे. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ मध्ये कर्जापायी घरातून निघाले. बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार, तिथे दक्षिणा मिळेल, एवढाच त्यांचा हेतू. पुणे, नगर, खानदेश, सातपुडा असे चालत ते महूच्या मुलखात पोचले आणि बंडाच्या धामधुमीत सापडले. पुढे झाशीचा वेढा बघून, लुटले जाऊन, अडीच-तीन वर्षांनी ते परतले. त्यांचे ‘माझा प्रवास’ चिंतामणराव वैद्यांनी १९०७ मध्ये छापून काढले. एरवी आपण ते झाशीच्या राणीसाठी वाचतो. प्रवासाच्या वेळापत्रकासाठीही ते वाचावे. किती कोस चाललो, मुक्काम कुठे पडला, नदीला उतार आहे की नाही, पुढच्या वाटेवर चोर आहेत की फौज, यांवर तेव्हा पोचण्याचा दिवस ठरे. निघताना तो कोणी सांगू शकत नसे.

त्याच १८५७ मध्ये इंदूर-मुंबईच्या अंतराने इंग्रजांनाही चांगलाच हिसका दाखवला. १८५४ मध्ये कलकत्ता, आग्रा आणि मुंबई तारेने जोडली गेली होती आणि ही तार इंदुरावरून जात होती. त्यामुळे इंदूरच्या रेसिडेन्सीत बसलेला हेन्री मॅरियन ड्युरंड मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांच्याशी बोलू शकत होता. शब्द काही तासांत पोचत, माणसे पोचत नव्हती. जनरल वुडबर्नची पलटण जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पुण्याहून महूसाठी निघाली. औरंगाबादेत हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळात बंडाळी झाली म्हणून ती तिथे अडकली. जूनच्या अखेरीस एल्फिन्स्टन यांनी तारेने विचारले, की ही फौज पुढे आलीच नाही तर काय होईल? ड्युरंडने कळवले, की ही गोष्ट बाहेर फुटली तर इंदूरची तासाभराचीही खात्री देता येणार नाही. १ जुलैला होळकरांच्या फौजेतल्या सआदत खानाच्या पुढाकाराने रेसिडेन्सीवर हल्ला झाला आणि ड्युरंड बायकामुलांसह सिहोरकडे पळाला. वुडबर्न आजारी पडला, त्याच्या जागी आलेल्या कर्नल स्टुअर्टने फौज असीरगडमार्गे पुढे नेली. ती महूला पोचली तेव्हा २ ऑगस्ट उजाडला होता. पुण्याहून निघून जवळजवळ आठ आठवडे झाले होते, आणि त्यात पावसाळा.

महूपर्यंत लोखंडी रस्ता हवा, हे त्या आठ आठवड्यांनी कलकत्त्याच्या सरकारला जितके पटवले तितके कुठल्याही अर्जाने पटवले नसते. पण मुख्य लाइन काही इंदूरला वळली नाही. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कसाऱ्याचा घाट चढून भुसावळ, खंडवा करत जबलपूरला गेली. तिथे १८७० मध्ये अलाहाबादकडून आलेली लाइन तिला मिळाली, आणि मुंबई–कलकत्ता जोडले गेले. इंदूर या लाइनच्या उत्तरेला, मध्ये नर्मदा आणि विंध्याचा चढ. इंदूरकरांच्या दृष्टीने रेल्वे खंडव्यापर्यंत आली होती आणि तिथून पुढे बैलगाडी.

इथे दुसरे तुकोजीराव होळकर इतिहासात शिरतात, आणि तेही सावकार म्हणून. १८६९-७० मध्ये त्यांनी ब्रिटिश सरकारला एक कोटी रुपये कर्ज दिले. व्याज साडेचार टक्के आणि मुदत १०१ वर्षे. जमीन फुकट. त्या पैशातून खंडवा ते इंदूर मीटर गेज लाइन बांधायची आणि तिला होळकर स्टेट रेल्वे म्हणायचे. ५७ मध्ये ड्युरंडने ज्या राजाच्या इमानाबद्दल शेवटपर्यंत संशय बाळगला, त्याच राजाकडून बारा वर्षांनी साम्राज्याने कर्ज घेतले, आणि तेही त्याच महूच्या छावणीला दाणागोटा पोचवायला. तुकोजीरावांनी हे केवळ राजनिष्ठा मिरवायला केले असे म्हणणारे आहेत. मला तसे वाटत नाही. त्यांना व्यवहार कळत होता. कापूस, अफू, गहू हे सगळे मुंबईला जायचे. खंडव्यापर्यंत बैलाच्या पाठीवर जाणारा माल वाटेत जितके दिवस घालवी, तितके दिवस इंदूरच्या बाजारातला पैसा अडकून पडे. शिवाय साडेचार टक्के काही वाईट नव्हते. गंमत मुदतीची आहे. १०१ वर्षे म्हणजे कर्ज १९७१ च्या आसपास फिटायचे. कर्ज घेणारे साम्राज्य १९४७ मध्ये गेले, देणारे संस्थान १९४८ मध्ये विलीन झाले आणि नेमक्या १९७१ मध्ये घटनादुरुस्ती होऊन संस्थानिकांचे तनखेही संपले.

बांधकाम सोपे नव्हते. खंडवा–सनावद हा सपाटीचा भाग १८७४ मध्ये सुरू झाला. मोरटक्क्याला नर्मदेवरचा पूल १८७६ मध्ये तयार झाला. खरी कसोटी होती ती काळाकुंडपासून पाताळपाणीपर्यंत. चोरल नदीच्या दरीतून विंध्य चढताना दर चाळीस फुटांना एक फूट चढ, बोगदे आणि वळणावर वळणे. १८७८ पर्यंत गाडी इंदूरला आली. हे काम चालू असताना काही काळ सर टी. माधवराव इंदूरचे दिवाण होते, तेच पुढे बडोद्याला गेलेले माधवराव.

आता प्रवासी काय करी? संध्याकाळी इंदूरला छोट्या लाइनच्या गाडीत बसे, घाट उतरून खंडव्याला येई, तिथे सामान काढून मोठ्या लाइनच्या गाडीत चढे आणि मुंबई गाठी. इंदूर–खंडवा सुमारे ८६ मैल, खंडवा–मुंबई सुमारे ५७० किलोमीटर, एकूण ७०० च्या घरात. म्हणजे रेल्वेने इंदूर–मुंबई अंतर १८७८ मध्ये आजच्यापेक्षा शंभराहून अधिक किलोमीटरनी कमी होते. दीडशे वर्षांत प्रगती होऊन वळसा वाढला! कारण साधे आहे. पुढे ब्रॉडगेज इंदूरला उज्जैनकडून आले, म्हणून मुंबईची गाडीही उज्जैन–रतलामहून जाऊ लागली. खंडव्याची छोटी लाइन तशीच राहिली. आता तिच्यावर ब्रॉडगेजचे काम चालू आहे आणि पाताळपाणी–काळाकुंड या तुकड्यावर २०१८ च्या डिसेंबरपासून सहलीची हेरिटेज ट्रेन सुरू झाली. ज्या घाटाने इंदूरला मुंबई दिली तिथे लोक आता धबधबा बघायला आणि काळाकुंडचा कलाकंद खायला जातात.

घड्याळाचाही एक घोटाळा होता. सूर्य इंदूरला मुंबईच्या बारा मिनिटे आधी माथ्यावर येतो. रेल्वे चाले मद्रासच्या वेळेवर. गावाचे घड्याळ एक, स्टेशनचे दुसरे आणि मुंबईत उतरल्यावर तिसरे. १९०६ पासून हिंदुस्थानची एक प्रमाणवेळ ठरली तरी मुंबईने आपली वेगळी ‘बॉम्बे टाइम’ १९५५ पर्यंत सोडली नाही. ती प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे होती. तेव्हा ‘प्रवासाला किती तास लागले’ या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी कोणाच्या घड्याळाने, हे विचारणे भाग होते.

याच छोट्या लाइनवर नर्मदेकाठी बडवाह आहे. मार्च १९२८ मध्ये तिथे एक लग्न लागले, ते जगभरच्या वर्तमानपत्रांत गाजले. बावला खून प्रकरणामुळे १९२६ मध्ये गादी सोडावी लागलेले तिसरे तुकोजीराव आणि अमेरिकेतल्या सिएटलची नॅन्सी अ‍ॅन मिलर, म्हणजे लग्नानंतरच्या शर्मिष्ठादेवी. इंदूर ते सिएटल सरळ अंतर काढले तर ते सुमारे बारा हजार किलोमीटर भरते, आणि ती रेघ सैबेरिया ओलांडून ७८ अंश उत्तर अक्षांशापर्यंत, आर्क्टिकच्या बर्फावरून जाते. पृथ्वीच्या गोळ्यावर सर्वांत जवळची वाट सपाट नकाशावर अशी वाकडी दिसते. १९२८ मध्ये त्या वाटेचा विचार कोणी स्वप्नातही केला नसता. तेव्हा इंदूरहून परदेश म्हणजे आधी खंडवा, मग मुंबईची गोदी आणि बोट.

विमान इंदूरला कसे आले ते समजायला १५ ऑक्टोबर १९३२ या दिवसाकडे जावे लागते. त्या सकाळी जे. आर. डी. टाटांनी कराचीहून एक इंजिनाचे पुस मॉथ विमान उडवले आणि अहमदाबादला पेट्रोल भरून मुंबईत जुहूला उतरवले. पेट्रोलचे डबे अहमदाबादला बैलगाडीतून आले होते. मुंबईपासून पुढे बेल्लारीवरून मद्रासपर्यंत टपाल नेले ते नेव्हिल व्हिन्सेंट यांनी. दक्षिण आफ्रिकेत जन्मलेला हा रॉयल एअर फोर्सचा वैमानिक १९२०-३० च्या दशकात हिंदुस्थानात गावोगाव विमान उडवून दाखवत, लोकांना फेरी मारून आणत हिंडला होता. टपालाच्या विमानसेवेची कल्पना घेऊन टाटांकडे गेले ते हेच व्हिन्सेंट. सरकारने अनुदान नाकारले, टपालाच्या वजनावर पैसे देऊ एवढेच म्हटले. टाटांनी दोन लाख रुपये घातले. पावसाळ्यात जुहूचे मैदान पाण्याखाली जाई, म्हणून दरवर्षी सगळा संसार उचलून पुण्याला न्यावा लागे.

पुस मॉथचा वेग ताशी १६० किलोमीटरच्या आसपास. त्या वेगाने ५०५ किलोमीटर जायला तीन तासांवर थोडा वेळ लागतो. गाडीने रात्र जात होती, तिथे तीन तास! पण तेव्हा मुंबई–दिल्ली या मार्गावर सरकारला विमानाची घाई नव्हती. साम्राज्याचे टपाल कराचीला उतरून जोधपूर, दिल्ली, अलाहाबादवरून कलकत्त्याकडे जाई. मुंबई त्या वाटेवर नव्हती, इंदूर तर नव्हतेच. १८७० ची गोष्ट पुन्हा तशीच घडत होती. मुख्य लाइन बाजूने चालली होती.

आणि पुन्हा उत्तरही तसेच निघाले. १९३५ मध्ये होळकर दरबाराने इंदूरला विमानतळ करायचे ठरवले, आणि जागा निवडायला व्हिन्सेंट आले. त्यांनी हवेतून पाहणी केली आणि गावाच्या पश्चिमेची, बिजासन टेकडीजवळची जमीन निवडली. तेव्हा गादीवर दुसरे यशवंतराव होते. वय सत्तावीस, शिक्षण ऑक्सफर्डचे, आणि माणिकबाग राजवाडा त्यांनी एकार्ट मुथेसियस या जर्मन वास्तुकाराकडून बांधून घेतलेला. पंतप्रधान सर सिरेमल बापना, १९२६ पासून संस्थानाचा कारभार बघणारे. राजाला नव्या यंत्रांची हौस होती हे खरे, पण माझ्या मते विमानतळ नुसत्या हौसेचे काम नव्हते. हवेतून पाहणी करून जागा ठरवणे, गावापासून फार लांब नाही आणि फार जवळही नाही असा पट्टा घेणे, त्याला रस्ता करून देणे, यात बापनांच्या कारभाराचा नीटपणा दिसतो. तो रस्ता इंदूरकर अजून एरोड्रम रोड म्हणूनच ओळखतात. विमानतळाला नाव मिळाले, नवी इमारत झाली, रस्त्याचे नाव सुटले नाही.

जागा निवडणे वाटते तितके सोपे नव्हते. माळव्याची काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात तिचा चिखल होतो, तिच्यावर विमानाचे चाक रुतले की संपले. त्यामुळे उंचवट्याची, पाणी वाहून जाईल अशी जमीन हवी. इंदूरचा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर आहे. मुंबईकडून येणाऱ्या वैमानिकाला सातपुडा, नर्मदेची खोल दरी आणि लगेच विंध्याची भिंत अशी चढण चढून इथे उतरायचे असते. रेडिओची सोय नसलेल्या त्या काळी वैमानिक खाली बघूनच वाट ठरवीत. नदी कुठे वळते, रूळ कुठे जातात, एवढ्यावर भिस्त. जून ते सप्टेंबर ढग खाली उतरले की हे सगळे दिसेनासे होई. दाते पंचांगात मुहूर्त बघून निघणाऱ्या माणसाला जेवढी खात्री, तेवढीच पावसाळ्यातल्या त्या वेळापत्रकाला.

१९३७ मध्ये टाटांची मुंबई–दिल्ली सेवा सुरू झाली. वाटेतले थांबे वाचले की सगळा इतिहास कळतो: इंदूर, भोपाळ, ग्वाल्हेर. तिन्ही संस्थानी राजधान्या. त्याआधी १९३५ मध्ये टाटांचे विमान मुंबईहून त्रिवेंद्रमला जाऊ लागले, तेही गोव्यावरून एका संस्थानाच्या राजधानीत. ज्या हिंदुस्थानला इंग्रज ‘देशी’ म्हणून बाजूला ठेवत, त्या हिंदुस्थानाने आपापली मैदाने तयार करून विमानांना वाट काढून दिली. ब्रिटिश मुलखातल्या कितीतरी जिल्ह्यांच्या गावांना तेव्हा विमान म्हणजे दुरून ऐकू येणारी घरघर होती. होळकर-शिंद्यांच्या राजधान्यांत मात्र ते ठरल्या वेळी उतरत होते. आपल्याकडे संस्थानिकांचा विषय निघाला की शिकारी, हिरे आणि रोल्स-रॉइसपाशीच थांबतो. विमानतळ, धरणे, कॉलेजे ही त्याच दरबारांची कामे होती आणि ती आपण कुणाची म्हणून लक्षात ठेवत नाही. इंदूरजवळचा यशवंतसागर तलावही याच काळातला.

अर्थात या विमानात बसत कोण होते? टपाल, अधिकारी, गिरणीमालक, दरबारची माणसे. राजवाड्यासमोरचा कारकून मुंबईला लग्नाला जायचा तो खंडव्याच्याच गाडीने. तुकोजीरावांच्या एक कोटीतून झालेल्या रेल्वेत निदान तिसऱ्या वर्गाचा डबा होता. विमानाला तो नव्हता. म्हणून इंदूर-मुंबईचे अंतर १९३७ मध्ये तुटले, असे म्हणायला मी तयार नाही. ते काही शे माणसांपुरते आणि काही पोती टपालापुरते तुटले.

व्हिन्सेंट यांना पुढचा काळ बघायला मिळाला नाही. हिंदुस्थानात विमानांचा कारखाना काढण्याच्या खटपटीत ते इंग्लंडला गेले होते. जानेवारी १९४२ मध्ये, युद्ध ऐन भरात असताना, त्यांचे विमान फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ पाडले गेले. इंदूरच्या विमानतळावर त्यांचे नाव कुठे ठळक दिसेल अशी अपेक्षा करू नये. टाटांची कंपनी १९४६ मध्ये एअर-इंडिया झाली. युद्धातून उरलेली डकोटा विमाने प्रवासी वाहू लागली. त्यांचा वेग ताशी सुमारे तीनशे किलोमीटर, म्हणजे ५०५ किलोमीटरला पावणेदोन तास. जुलै १९४८ मध्ये इंदूर पुन्हा मुंबई, ग्वाल्हेर आणि दिल्लीशी हवेने जोडले गेले. त्याच्या दोन महिने आधी होळकर संस्थान मध्य भारतात विलीन झाले होते. एप्रिल १९५० मध्ये विमानतळ केंद्र सरकारकडे गेला आणि १ ऑगस्ट १९५३ ला राष्ट्रीयीकरण होऊन देशांतर्गत सेवा इंडियन एअरलाइन्सकडे आली.

त्यानंतरची पन्नास वर्षे भराभर सांगता येतील, कारण घडलेच थोडे. विमाने बदलली, धावपट्टी वाढली, दिवसाला मोजकी उड्डाणे. खाजगी कंपन्या आल्यावर चित्र पालटले. १४ फेब्रुवारी २०१२ ला नवी इमारत सुरू झाली. १५ जुलै २०१९ ला एअर इंडियाचे दुबईचे विमान सुटले, हे इंदूरचे पहिले आंतरराष्ट्रीय उड्डाण. महामारीत ते बंद पडले, सप्टेंबर २०२१ मध्ये पुन्हा सुरू झाले आणि पुढे शारजावर गेले. इंदूर–दुबई सुमारे २,०९० किलोमीटर. दोनशे वर्षे परदेशी जायला मुंबईच गाठावी लागलेल्या गावाला पहिल्यांदा मुंबई वगळता आली. आज कोथरूडमध्ये मुलगा आणि दुबईत मुलगी असलेल्या इंदुरी मराठी घरांना या दोन्ही गोष्टींचे अप्रूप उरलेले नाही. पुण्याचे हवाई अंतरही मुंबईइतकेच, जवळजवळ पाचशे किलोमीटर, पण रात्रीच्या स्लीपर बसचा धंदा त्यामुळे कमी झालेला नाही.

आता तिकिटावरची वेळ बघा. आजचे एअरबस विमान वर गेल्यावर ताशी ८३० किलोमीटरने जाते. ५०५ किलोमीटरला त्या हिशेबाने ३७ मिनिटे पुरतात. तिकिटावर मात्र सव्वा ते दीड तास लिहिलेला असतो. यात कंपनीची लबाडी नाही, निदान सगळी नाही. तिकिटावरचा वेळ विमान जागेवरून हलल्यापासून दुसऱ्या जागेवर थांबेपर्यंतचा असतो. त्यात धावपट्टीपर्यंतचे चालणे येते, चढण्या-उतरण्याचा कमी वेग येतो, आणि हवाई वाट. आकाशातही रस्ते आखलेले असतात, ठराविक बिंदूंवरूनच जावे लागते, वाऱ्याच्या दिशेप्रमाणे धावपट्टीला वळसा घालून यावे लागते. शेवटी येते मुंबई. तिच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारने गर्दीच्या तासांतली विमाने ४६ वरून ४४ वर आणायला लावली, कारण विमाने आकाशात घिरट्या घालत इंधन जाळत होती. डकोटाच्या काळात इंदूर–मुंबई हवेतला वेळ पावणेदोन तास होता. जेटच्या काळात तिकिटावर दीड तास आहे. वेग पावणेतीनपट झाला, पण पोचण्याचा वेळ त्या मानाने घटला नाही. बाकीचा वेग धावपट्टीपर्यंतच्या चालण्यात, आखलेल्या वाटांत आणि मुंबईच्या गर्दीत गेला.

घरापासून घरापर्यंतचा हिशेब तर त्याहून वेगळा. राजवाड्यापासून विमानतळ तसा जवळ, आठ-नऊ किलोमीटर, तासभर आधी पोचायचे, सुरक्षा तपासणी, उड्डाण, मुंबईत सामान आणि मग अंधेरीहून डोंबिवली किंवा वसई. पाच-सहा तास सहज जातात. तरीही रात्रभराच्या गाडीपेक्षा ते बरे, असे ज्याला परवडते तो म्हणतो. ज्याला परवडत नाही तो अवंतिका एक्स्प्रेसचे आरक्षण मिळते का बघतो किंवा ए. बी. रोडने बसमध्ये निघतो. गणपती घाट, खलघाटचा पूल, सेंधव्यापुढे राज्याच्या सीमेवरची बडी बिजासन, मग शिरपूर, धुळे, मालेगाव, नाशिक. विमानातल्याने बिजासन टेकडी निघताच मागे टाकलेली असते, बसमधल्याला दुसरी बिजासन मध्यरात्री भेटते.

सरळ वाटेने आगगाडी न्यायची मागणी फार जुनी. मनमाड–इंदूर लाइनची आश्वासने ऐकत धुळे, शिरपूर, सेंधव्यातल्या किती पिढ्या गेल्या, त्याचा हिशेब तिथल्या लोकांनाच विचारावा. २ सप्टेंबर २०२४ ला केंद्रीय मंत्रिमंडळाने ही लाइन मंजूर केली. ३०९ किलोमीटर, ३० नवी स्थानके, खर्च १८,०३६ कोटी रुपये, पुरी करण्याचे उद्दिष्ट २०२८-२९. गोडसे भटजी ज्यातून पायी गेले आणि वुडबर्नची फौज जिथे वेळेवर पोचू शकली नाही त्या खानदेश-माळवा पट्ट्यातली ही पहिली सरळ रेल्वे असेल. तुकोजीरावांचे एक कोटी आणि होळकर दरबाराचा विमानतळ यांच्या पंक्तीला बसेल असे काम स्वतंत्र भारताने या वाटेवर अजून पुरे केलेले नाही. ही लाइन तारखेला पुरी झाली तर ते झाले असे म्हणता येईल. तोवर इंदूर–मुंबईच्या ५०५ किलोमीटरसाठी रेल्वेचे तिकीट ८३० किलोमीटरचेच काढावे लागणार.